घोट्याचं फ्रॅक्चर आणि इमॅजिकाची सहल: कुबड्या, वॉकर की व्हीलचेअर?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: उजव्या घोट्याचं हाड दोन्ही बाजूंनी मोडलं होतं, प्लेट-स्क्रू बसवून सात आठवडे झाले, पायात वॉकर बूट (घोटा जखडून धरणारा उंच, पट्ट्यांचा बूट) आहे आणि सर्जननी ‘निम्मं वजन टाकत चाला’ असं सांगितलंय. तुमचं वजन ८२ किलो. पुण्याहून खोपोलीजवळच्या इमॅजिका या मनोरंजन पार्कला जायचं ठरलंय, बरोबर पत्नी, सहा वर्षांची मुलगी आणि ६६ वर्षांचे वडील. घरात काखेतल्या कुबड्या आहेत, त्यांवर तुम्ही सोसायटीच्या गेटपर्यंत सहज जाऊन येता. तेवढ्यावर भागेल का, वॉकर घ्यावा, की व्हीलचेअर? आणि व्हीलचेअरमध्ये बसायला संकोच वाटतो, हेही तुम्ही मोकळेपणाने लिहिलंय.

फिजिओथेरपीच्या कामात हा प्रश्न सुट्ट्या जवळ आल्या की हमखास येतो. बहुतेक जण साधन निवडतात ते सकाळी घरातून निघताना पाय कसा वाटतोय त्यावरून. निवडायचं असतं संध्याकाळी पाच वाजता पाय कसा असेल त्यावरून. गेटपर्यंत जाऊन येणं म्हणजे दोन-तीनशे मीटर, तेही परत येऊन पलंगावर पाय वर करून पडता येतं. अशा पार्कमध्ये दिवसभरात पाच-सहा किलोमीटर चालणं सहज होतं, त्यात रांगेत उभं राहणं वेगळं.

जरा हिशेब करून बघा. कुबड्यांवर एक पाऊल साधारण अर्ध्या मीटरचं पडतं. सहा किलोमीटर म्हणजे बारा हजार पावलं, त्यातली सहा हजार दुखऱ्या पायाची. निम्मं वजन म्हणजे ४१ किलो पायावर, उरलेले ४१ किलो दोन तळहातांवर, आणि हे सहा हजार वेळा. शिवाय कुबड्यांवर चालायला साध्या चालण्यापेक्षा बरीच जास्त ताकद लागते. पाय अजिबात न टेकता चालणाऱ्याला तर जवळजवळ दुप्पट. दमल्यावर माणूस काय करतो? हात भरून आले की नकळत पायावर जास्त वजन टाकतो. बाथरूमच्या वजनकाट्यावर उभं राहून ४१ चा आकडा धरणं जमतं, पण दुपारी तीनच्या उन्हात, मूल हात ओढत असताना तो आकडा पाळला जात नाही. हाड नेमकं अशा वेळी दुखावतं. तेव्हा केवळ कुबड्यांवर जाऊ नका.

माझं उत्तर: अंतर आणि रांग यांसाठी मागून ढकलायची व्हीलचेअर, आणि शेवटच्या वीस-पंचवीस पावलांसाठी कोपराच्या कुबड्यांची जोडी, म्हणजे ज्यांना दुकानात एल्बो क्रच म्हणतात त्या. ही दोन वेगवेगळी कामं आहेत, दोन्ही एकाच साधनावर टाकली की घोळ होतो.

काही गोष्टी मात्र मी इथून ठरवू शकत नाही. ‘निम्मं वजन’ हा शब्द तुमच्या सर्जनचा आहे, तो बदलायचा अधिकारही त्यांचाच. नडगीच्या दोन हाडांना जोडणारा आडवा स्क्रू घातला असेल तर ते वजनाबाबत जास्त काटेकोर असतात. टाक्यांची जखम पूर्ण कोरडी आणि भरलेली नसेल तर सहल पुढे ढकला. मधुमेह असेल आणि पायाची संवेदना कमी असेल तर ‘दुखलं की थांबू’ हा नियम उपयोगाचा नाही, कारण दुखणारच नाही. मग घड्याळ लावून बूट काढून पाय बघावा लागतो. सर्जनना फोन करून तीनच प्रश्न विचारा: दिवसभराच्या सहलीला हरकत आहे का, बूट बसताना सैल केला तर चालेल का, आणि रक्त पातळ करणारं औषध चालू किंवा बंद असेल तर दोन तासांच्या प्रवासासाठी काही वेगळं करायचं का.

आता वॉकर का नको. ॲल्युमिनियमचा चौपायी वॉकर घरात, बाथरूमला जाताना चांगला. पण दर पावलाला तो उचलून पुढे ठेवावा लागतो, गर्दीत त्याचे पुढचे पाय लोकांच्या पायांत येतात आणि पायऱ्यांवर तो निरुपयोगी. गुडघा टेकवून ढकलायची स्कूटर हल्ली ऑनलाइन दिसते, तिचाही मोह होईल. ती गुळगुळीत, सपाट फरशीसाठी आहे. चाकं लहान असल्यामुळे फरशीच्या सांध्यात अडकली की माणूस हँडलवरून पुढे जातो. उतारावर आणि ओल्या जागी तर तिचं नाव नको. एकच काठी? निम्म्या वजनाच्या टप्प्यावर काठी पुरत नाही. ती पुढच्या महिन्यात येईल, आणि तेव्हा डाव्या हातात धरायची, दुखऱ्या पायाच्या उलट्या बाजूला.

काखेच्या कुबड्या आहेतच, मग कोपराच्या कशाला? काखेची कुबडी दमलेल्या माणसाला काखेवर लोंबकळायला लावते. काखेत नसा असतात, त्या दाबल्या गेल्या की मनगट वर उचलता येईनासं होतं, आणि ते बरं व्हायला आठवडे लागतात. कोपराच्या कुबडीत लोंबकळायची सोयच नसते. शिवाय पट्टा हाताभोवती असल्यामुळे तिकीट काढताना, मुलीला पाणी देताना हात मोकळा होतो आणि कुबडी खाली पडत नाही. पण हातात जोर हवा आणि आधी चार-पाच दिवस घरी सराव हवा. सराव नसेल तर ओळखीच्या काखेच्या कुबड्याच न्या. सहलीच्या दिवशी नवं साधन पहिल्यांदा हातात घेणं ही सगळ्यात वाईट निवड.

कुबडीची उंची मोजताना डाव्या पायात तो बूट घाला जो त्या दिवशी घालणार आहात. वॉकर बुटाचा तळ जाड असतो, त्यामुळे उजवा पाय दोन-तीन सेंटिमीटर उंच होतो. डाव्या पायात पातळ चप्पल घातली तर कंबर तिरकी होते आणि दुपारपर्यंत पाठ धरते. म्हणून डावीकडे जाड सोलचा, मागून बंद बूट. सरळ उभं राहून हात खाली सोडा. कुबडीची मूठ मनगटाच्या घडीपाशी आली पाहिजे, मूठ धरल्यावर कोपर वीस-तीस अंश वाकलेला राहील. कोपराचा पट्टा कोपराच्या टोकापासून दोन-तीन बोटं खाली. काखेची कुबडी असेल तर वरची गादी आणि काख यांत दोन-तीन बोटं जागा, आणि वजन नेहमी मुठीवर. मग कुबडी उलटी करून खालचं रबर बघा. नव्या रबराच्या तळाला गोल कंगोरे असतात. ते झिजून मधे गुळगुळीत चकती दिसत असेल तर ओल्या फरशीवर ती साबणासारखी सरकते. सर्जिकल दुकानात रबर स्वस्तात मिळतं; नळीची जाडी मोजून चार घ्या, दोन बसवा, दोन पिशवीत ठेवा.

व्हीलचेअर आता. तीन ठिकाणी मिळते: पार्ककडे, सर्जिकल दुकानात भाड्याने, आणि रुग्णोपयोगी साहित्य केंद्रांत, जिथे अनामत ठेवून अगदी नाममात्र भाड्यात देतात. पुण्यात अशी केंद्रं बरीच आहेत, गणेश मंडळांपासून ज्येष्ठ नागरिक संघांपर्यंत. पार्कला आधी फोन करून विचारा: खुर्च्या किती आहेत, आधी राखून ठेवता येते का, अनामत काय, आणि पाय आडवा ठेवायचं फूटरेस्ट असतं का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नाही आलं तर स्वतःची खुर्ची घेऊन जा. साध्या खुर्चीत पाय खाली लोंबतो, आणि सात आठवड्यांचा घोटा सहा तास लोंबता ठेवला की संध्याकाळी बुटाचे पट्टे लागणार नाहीत इतका सुजतो.

भाड्याने घेताना दुकानातच दहा मिनिटं घालवा. उजव्या बाजूचं फूटरेस्ट वर उचलून आडवं लॉक होतं का, आणि त्यावर पोटरी टेकायची गादी आहे का, हे पहिलं. बसल्यावर मांडीच्या दोन्ही बाजूंना एकेक बोट जागा राहावी. बहुतेक पुरुषांना १८ इंची सीट पुरते. सीटचं कापड झोळीसारखं खाली गेलेलं नको. दोन्ही ब्रेक लावून, तुम्ही बसलेले असताना दुकानदाराला मागून ढकलायला सांगा. चाक फिरलं तर ब्रेक सैल आहे. पुढची छोटी चाकं बोटाने फिरवून बघा, त्यांत केस आणि दोरे अडकलेले असतात आणि मग खुर्ची एका बाजूला ओढते. मागचं चाक मोठं, २४ इंची घ्या. बारा इंची मागच्या चाकांची हलकी खुर्ची डिकीत छान मावते, पण खडबडीत जागी ढकलणाऱ्याचा जीव काढते, आणि तुम्हाला स्वतःला दोन हातही सरकता येत नाही.

डिकीवरून आठवलं: गाडीला सीएनजी किट असेल तर सिलिंडरमुळे डिकी अर्धीच उरते. पोलादी घडीची खुर्ची सोळा ते वीस किलोंची असते, मिटल्यावरही तीसेक सेंटिमीटर जाड. फूटरेस्ट काढून, मिटवून, आदल्या दिवशीच ठेवून बघा. सकाळी सहाला पार्किंगमध्ये हा शोध लागायला नको.

ढकलणार कोण, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण सगळ्यात महत्त्वाचा तोच आहे. तुम्ही ८२, खुर्ची १८, म्हणजे १०० किलोंची गाडी. सपाट फरशीवर ती दोन-तीन किलोंच्या जोराने चालते. नियमाप्रमाणे बांधलेला उतार बारा मीटरला एक मीटर चढतो. त्यावर १०० किलोंची खुर्ची नुसती धरून ठेवायला आठ किलोंहून जास्त जोर सतत लावावा लागतो, ढकलायला त्याहून अधिक. वडिलांना हृदयाचा, कंबरेचा किंवा गुडघ्याचा त्रास असेल तर उतारावर त्यांच्याकडे खुर्ची देऊ नका. सपाटीवर ते, चढ-उतारावर पत्नी, असं आधीच ठरवा. चढावर तुम्हीही हातांनी चाकं फिरवून मदत करा. उतरताना खुर्ची उलटी करा, म्हणजे ढकलणारी व्यक्ती उताराकडे पाठ करून हळूहळू मागे जाईल आणि तुमचं तोंड चढाकडे राहील. सरळ उतरवली तर तुम्ही पुढे घसरता आणि सगळं वजन ढकलणाऱ्याच्या मनगटांवर येतं. सांडपाण्याच्या जाळीवर पुढची छोटी चाकं फटीत बसतात आणि खुर्ची जागीच थबकते, आतला माणूस पुढे फेकला जातो. तिथेही उलटं वळवून मोठी चाकं आधी न्यायची.

एक गोष्ट जवळून बघण्यासारखी आहे. पाय आडवा ठेवला की तुमचा दुखरा पाय खुर्चीच्या पुढे दीड हात बाहेर येतो. ढकलणाऱ्याला तो नीट दिसत नाही, त्यामुळे दार, रेलिंग, पुढच्या माणसाची पोटरी, जे काही आधी लागेल ते तुमच्या घोट्यालाच लागतं. बुटाच्या टोकाला भडक रंगाचा रुमाल बांधा, आणि रांगेत पुढच्या माणसापासून हातभर अंतर राखायचं हे ढकलणाऱ्याला बजावून ठेवा. टाच गादीवर टेकवू नका. पोटरीखाली टॉवेलची घडी घालून टाच अधांतरी ठेवा, नाहीतर दोन तासांत टाचेला रग लागते. मुलगी मांडीवर बसायचा हट्ट करेल. बसवू नका, तिची एक लाथ बुटावर बसली की दिवस संपला. आणि पिशव्या मागच्या मुठींना अडकवल्या तर तुम्ही उठताच खुर्ची मागे कलंडते, म्हणून जड पिशवी सीटखाली.

उठण्याचा क्रम घरीच घोटवा: खुर्ची थांबली, दोन्ही ब्रेक लावले, फूटरेस्ट खाली आणि बाजूला केली, सीटच्या कडेला सरकलात, डावं पाऊल गुडघ्याखाली घेतलं, हात खुर्चीच्या हातांवर दाबून डाव्या पायावर उभे राहिलात, आणि मग कुबड्या हातात घेतल्या. लोक फूटरेस्टच्या पाटीवरच उभे राहतात आणि खुर्ची पुढे उलटते. खुर्चीवरून पडण्याचं हे एक नेहमीचं कारण. पायऱ्या आल्याच तर चढताना डावा पाय आधी, उतरताना कुबड्या आणि उजवा पाय आधी. कठडा असेल तर एक हात कठड्याला, दोन्ही कुबड्या दुसऱ्या हातात.

राइड्सबद्दल स्पष्ट सांगतो. रोलर कोस्टर, उंचावरून खाली टाकणाऱ्या, गरगर फिरवणाऱ्या, धक्क्याच्या टकरीच्या, सगळ्या या खेपेला बंद. तिथल्या नायट्रो या रोलर कोस्टरमध्ये पायाखाली फरशीच नसते, पाय अधांतरी राहतात. बुटाचं वजन घेऊन झटके खाणारा घोटा म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. सिम्युलेटरची सीट दिसायला थिएटरची, पण हादरे खऱ्या गाडीचे. बूट काढून बसण्याची कल्पना तर मनातही आणू नका. आणखी एक कारण आहे जे लोकांच्या लक्षात येत नाही: राइड मधेच बंद पडली तर अरुंद जिन्यावरून चालत खाली यावं लागतं. तसं उतरणं जमणार नसेल तर चढायचं नाही, हा माझा साधा नियम. पाण्याच्या राइड आणि वॉटर पार्कही नको, कारण बुटाचं आतलं अस्तर भिजलं की दिवसभर वाळत नाही आणि ओल्या अस्तरात कातडी सोलवटते. बसून बघायचे कार्यक्रम आणि परेड मात्र मजेत बघा. तिथे विचारून घ्या की खुर्ची आत नेता येते का, नाहीतर कडेची, पाय लांब करता येईल अशी जागा.

प्रवासाचंही थोडं. उजवा पाय आहे, म्हणजे गाडी तुम्ही चालवायची नाही. पुढची डावी सीट पूर्ण मागे सरकवून, पट्टा लावून बसा, पावलाखाली छोटी बॅग घ्या. दर वीस मिनिटांनी बोटं हलवा, गुडघा वाकवा-सरळ करा, डावा घोटा वर-खाली करा. उजव्या घोट्याची हालचाल सर्जननी जेवढी सुरू केली असेल तेवढीच. लोणावळ्याच्या आसपास पाच मिनिटं उतरून उभे राहा. शनिवार-रविवार सोडून मधला वार मिळाला तर रांगा कमी, आणि जून ते सप्टेंबर कोकणातल्या पावसात तर बेतच नको, कुबड्यांचं रबर आणि ओली फरशी यांचं जमत नाही.

दुपारी एक ते अडीच या वेळात तासभर आडवं पडायला हवं, आणि हे मी आग्रहाने सांगतोय. खुर्चीतला आडवा पाय सूज वाढू देत नाही एवढंच. उतरवायची असेल तर पाय छातीपेक्षा वर हवा. बाकावर पाठीवर आडवं होऊन, पिशव्यांवर पाय ठेवूनही चालतं. पार्कला लागून हॉटेल आहे, खर्च परवडत असेल तर एक रात्र राहिल्याने हा प्रश्न सुटतो. त्याच वेळी बूट सोडून मोजा बदला, आणि टाच, घोट्याची दोन्ही हाडं, टाक्यांची जागा बघा. लाल डाग वीस-तीस मिनिटांत फिका पडला नाही तर तिथे बूट दाबतोय. पट्टे नव्याने लावा. जादा वेदनाशामक गोळी घेऊन सकाळी निघू नका. दुखणं हाच तुमचा काटा आहे, तो झाकला तर कुठे थांबायचं ते कळणार नाही.

संकोचाबद्दल एवढंच सांगतो की खुर्चीत बसलात तर संध्याकाळी परेडला मुलीबरोबर तुम्ही असाल. कुबड्यांचा हट्ट धरणारे बहुतेक जण दुपारनंतर गाडीत पाय वर करून बाकीच्यांची वाट बघत बसतात, आणि सगळ्यांचा दिवस त्यांच्याभोवती थांबतो.

जाण्याच्या तीन दिवस आधी एक चाचणी करा. सकाळी मापपट्टीने घोट्याभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारखा वेढा घेऊन आकडा लिहून ठेवा. संध्याकाळी खुर्चीसह दोन तास जवळच्या बागेत किंवा मॉलमध्ये जा, रात्री पुन्हा मोजा, आणि दुसऱ्या सकाळी परत. रात्रीची सूज सकाळपर्यंत उतरली आणि दुखणं चोवीस तासांत मूळ पातळीवर आलं तर जा. सकाळीही आकडा सेंटिमीटरभर जास्त असेल तर दोन आठवडे थांबा, पार्क कुठे जात नाही. सहलीनंतरही हीच मापपट्टी काढा. आणि पोटरी एका जागी दुखू लागली, गरम आणि कडक लागली, पाय वर ठेवूनही सूज वाढत गेली, तर सकाळची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा. श्वास लागला किंवा छातीत दुखलं तर थेट १०८ ला फोन.